रिकाम्या फायलीचा ठसा

डी-४-१-डी-८-सी-डी-९. पुढं आणखी चोवीस अक्षरं आहेत आणि तीही मला पाठ आहेत, पण वाचणाऱ्याला उगाच ताप नको. स्वतःचा मोबाइल नंबर सांगताना मी अजून अडखळते. हा मात्र कुणी झोपेतून उठवून विचारला तरी न चुकता म्हणून दाखवेन. या बत्तीस अक्षरांपायी माझ्या हातून एका सज्जन माणसाची नोकरी जाणार होती. ती गेली नाही, याचं श्रेय माझं नाही. ज्यांचं आहे त्यांच्याबद्दल फार पूर्वीच लिहायला हवं होतं, ते आज लिहिते आहे.

मी दौंडची. वडील रेल्वेत नंबर टेकर होते. मालगाडी यार्डात येऊन थांबली की ते हातात रजिस्टर घेऊन रुळांच्या कडेच्या खडीवरून चालत निघायचे आणि एकेका वाघिणीवरचा, म्हणजे मालडब्यावरचा, नंबर उतरवून घ्यायचे. नंबराशेजारी आणखी एक रकाना असायचा. वाघीण भरलेली की रिकामी, ते त्यात लिहायचं. शाळेला सुट्टी असली की कधी कधी मीही त्यांच्याबरोबर जायची. एकदा मी विचारलं, नंबर लिहिला की झालं की, वाघीण तर कळली! वडील म्हणाले, "वाघीण कळली गं, पन आत काय हाय ते नंबराला कुठं ठावं असतंय?" मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं ते मला फार महागात पडलं.

दौंडच्या कॉलेजात बी.एस्सी. झाल्यावर मी शिरूरला मावशीकडं राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. एसटी स्टँडच्या मागं सरांचं दुकान होतं. पुढं दुरुस्तीचं टेबल आणि मागं पडद्याआड आमचा क्लास. सर मूळचे मांडवगण फराट्याचे. शिकवताना पुणेरी बोलायचा प्रयत्न करायचे, पण चिडले किंवा रंगात आले की सरळ मांडवगणावर यायचे.

तालुक्यातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांचे रोग घेऊन सरांकडं यायचे. कुणाच्या तरी मेव्हण्यानं पुण्याहून आणलेली सीडी वीस-पंचवीस घरं फिरायची आणि मग ती घरं एकापाठोपाठ एक दुकानात हजर व्हायची. अशा मशीनवर हजारो फायली असत. त्यातल्या कंपनीनं दिलेल्या कुठल्या आणि आगंतुक कुठल्या, हे नुसत्या नावावरून कळत नाही. नाव काय, कुणीही कुणाचंही लावतं. म्हणून सर फायलीचा ठसा घ्यायचे. पुस्तकातलं नाव हॅश, पण आम्ही ठसाच म्हणायचो. अख्खी फाइल एका गणितातून काढायची, की शेवटी बत्तीस अक्षर-आकड्यांची एक ओळ हातात येते. फाइल तीच असेल तर ओळ तीच येते, नाव काहीही ठेवा. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तरी ओळ पार बदलून जाते.

प्रिंटरबरोबर, मदरबोर्डबरोबर किंवा कुणा गिऱ्हाइकाकडं अस्सल सीडी आली, की सर ती मागून घ्यायचे आणि तिच्यावरच्या झाडून सगळ्या फायलींचे ठसे यादीत घालायचे. ही त्यांची ओळखीच्यांची यादी. नेहमी भेटणारे ठसे शिवाय एका वहीतही लिहून ठेवलेले होते. "गावात नवा मानूस दिसला की आपन काय करतो?" सर समजावून सांगायचे. "वळखीचा असला तर सोडून देतो. बिनवळखीचा असला की इचारतो, पाव्हनं कुनीकडचं? तसंच हाय हे. वळखीच्या फायली बाजूला काढा, मग ऱ्हायल्या त्यांना इचारा." मला ते एकदम पटलं होतं. फक्त चार-दोन अक्षरांच्या चिल्लर फायलीसुद्धा यादीत कशाला घ्यायच्या, म्हणून मी कुरकुर करायची. "समद्या घे," एवढंच सर म्हणायचे.

कोर्स संपल्यावर शिक्रापूर आणि शिरूरच्या मधल्या एका कारखान्यात मला कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली. विभाग म्हणजे मी आणि एक टेबलफॅन. शिक्रापुरात रस्त्याच्या कडेला खोली घेतली. दिवसभर ट्रकांनी खिडकीच्या काचा वाजायच्या. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी शिरूर गाठायचं आणि तिथून दौंडची एसटी पकडायची. कारखान्यात मी माझी स्वतःची ओळखीच्यांची यादी केली. मोठ्या मोठ्या फायली घेतल्या आणि बारीकसारीक सोडून दिल्या. काम आठवड्यात उरकलं. पहिल्याच महिन्यात त्या यादीवरून एक व्हायरस पकडला. नाव अस्सल आणि ठसा भलताच! मॅनेजर साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. तिथून मी जरा हवेतच चालायला लागले.

ड्रॉइंग विभागात आप्पा होते. केंदूरचे, पन्नाशी उलटलेले. सगळा कारखाना त्यांना आप्पाच म्हणायचा. बावीस वर्षं त्यांनी बोर्डावर कागद ताणून, टी-स्क्वेअर लावून, शाईनं ड्रॉइंग काढली होती. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं अगदी बारीक 'श्री' लिहायचं आणि मगच पहिली रेघ मारायची. पुढं बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. त्यांच्याबरोबरीचे दोघं स्टोअरमध्ये निघून गेले. आप्पा मात्र चष्मा नाकावर ओढून माऊस शिकले. नवं काम आलं की आधी त्याचा फोल्डर करायचे आणि फोल्डरात सगळ्यात आधी इंग्रजी अक्षरांत 'श्री' नावाची एक फाइल करायचे. माझ्या आधीच्या ऑपरेटरनं त्यांना तसं शिकवलेलं होतं. ती फाइल मला रोज दिसायची. आमच्या घरी वहीच्या पहिल्या ओळीवर 'जय भीम' असतं, त्यांच्याकडं 'श्री' असतं, एवढं मनाशी म्हणून मी पुढं जायची. आप्पा, ह्यात काय लिहिता, असं एकदाही विचारलं नाही. चारचौघांत ते मला म्याडम म्हणायचे आणि कुणी नसलं की पोरी. डब्यातली शेंगांची चटणी मला न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात वाढायचे.

एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून एक सीडी आली होती. तिच्यात दुसऱ्या एका कारखान्यानं त्याच पार्टसाठी काढलेली ड्रॉइंग होती, आणि ती आमच्यासारखीच दिसत होती. आमच्याकडून कुणी बाहेर दिली का, असा साहेबांना संशय. "तुझं ते ठशाचं बघ जरा," ते म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी सीडीवरच्या फायलींचे ठसे काढले. ड्रॉइंग विभागातल्या मशीनवरच्या कामाच्या फोल्डरांचे काढले. त्यात सॉफ्टवेअरच्या ज्या फायली इकडंतिकडं पडलेल्या होत्या, त्या यादीवरून ओळखून गाळल्या. उरलेले एकमेकांशी ताडून पाहिले. ड्रॉइंगचा एकही ठसा जुळला नाही. एक मात्र जुळला. सीडीवर 'नोट्स' नावाची एक फाइल होती, आणि अगदी तोच ठसा आप्पांच्या मशीनवर, एक सोडून शंभर फोल्डरांत. नाव फक्त वेगळं, 'श्री'.

मी यादी छापली. ठसा लांबलचक, त्यात फोल्डरचं नाव, सगळं एका ओळीत बसेना, म्हणून फायलीच्या साइजचा रकाना काढून टाकला. जुळलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि कागद साहेबांसमोर ठेवला.

"उघडून बघितलीस?" त्यांनी विचारलं.

"ठसा जुळल्यावर उघडायची गरज नसते, साहेब," मी म्हणाले. त्यावेळचा माझा आवाज आठवला की आजही कानशिलं तापतात.

आप्पांना बोलावण्यात आलं.

"आप्पा, ही 'श्री' नावाची फाइल कसली?"

"सुरवातीची हाय साहेब. कामाला हात घालायच्या आधी करतो."

"त्यात काय आहे?"

"काय न्हाई साहेब."

"काय नाही म्हणजे?"

"म्हंजी कायच न्हाई त्यात."

साहेबांना ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. त्यांची फाइल दुसऱ्या कारखान्याच्या सीडीवर सापडली आहे, असं त्यांनी आप्पांना सुनावलं. साहेबांनी सांगितलं की शुक्रवारी मालक येतील तेव्हा निकाल लागेल, तोवर घरी थांबा. आप्पांनी डबा घेतला, चष्म्याचं घर घेतलं. दारात थांबून मला म्हणाले, "म्याडम, माझं मशीन चालूच ऱ्हायलंय, तेवढं बंद करा." मी ते बंद केलं.

त्याच दिवशी, बुधवारी संध्याकाळी, शिरूरला उतरले तेव्हा दौंडच्या गाडीला अवकाश होता. मी सरांच्या दुकानात गेले. खोटं कशाला बोलू, मी फुशारकी मारायलाच गेले होते. कागद त्यांच्यासमोर पसरला आणि सगळं सांगितलं. सर एक हार्डडिस्क खोलत बसले होते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि रेघ मारलेली ओळ वाचली. पहिली आठ अक्षरं वाचूनच थांबले. मग फळीवरची ती जुनी वही काढली आणि पहिलं पान उघडून माझ्याकडं फिरवलं.

"वाच. पैली वळ."

तोच ठसा होता. पुढं सरांच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला, रिकामी.

"अगं, रिकामी फाइल हाय ती. जगातली कुठलीबी रिकामी फाइल घे, नाव कायबी ठिव, ठसा ह्योच येनार. आत कायच न्हाई, मग येगळा येईल कशाला? अस्सल सीडीवरबी एखाद-दुसरी निघतीच. म्हनून तर सांगत व्हतो, समद्या घे म्हनून." त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "साइज कुठं हाय ह्याच्यात?"

"कागदावर बसेना म्हणून काढली," मी म्हणाले, आणि बोलता बोलता वडिलांच्या रजिस्टरातला तो दुसरा रकाना डोळ्यांपुढं आला. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, आणि मी नेमका तोच रकाना उडवला होता. त्या कारखान्यात कुणीतरी 'नोट्स' नावाची फाइल केली असणार आणि तिच्यात एक अक्षरही लिहिलं नसणार. आपण सगळेच करतो. आणि आप्पांनी विचारल्याबरोबर खरं ते सांगितलं होतं. कायच न्हाई त्यात.

मी स्टुलावर बसून रडले. सर रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते रागावले नाहीत. पोराला पाठवून चहा मागवला. मी म्हणाले, शुक्रवारी कामावर गेल्या गेल्या साहेबांना सांगते.

"आन् तवर त्यो मानूस काय करंल?" सर म्हणाले. "दौंडची गाडी जाऊ दे आज. आधी त्येंच्या घरी जा. हापिसात नंतर."

मी घरी फोन करून येत नाही म्हणून कळवलं. मावशीकडं राहिले आणि सकाळी शिक्रापूरला परत येऊन केंदूरचं वडाप पकडलं. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी होती, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आप्पांचं घर विचारलं तेव्हा कळलं की ते रानात आहेत. शेवंतीच्या वाफ्यांना पाणी देत होते. मला बघून त्यांनी फावडं खाली ठेवलं आणि आधी विचारलं, "येवढ्या उन्हाची चालत आलीस व्हय? पानी पी आधी."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. चूक माझी होती, मी फाइल उघडून बघितलीच नाही, असं तीन-चारदा तरी म्हणाले असेन. शेवटी आप्पा म्हणाले, "म्हंजी मी खरंच बोल्लो व्हतो म्हन की." आणि हसायला लागले. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले. रात्रभर ते आणि त्यांची बायको, आपण नक्की काय केलं असावं, याचा विचार करत बसले होते, हे मला त्यांच्या बायकोनं नंतर चहा देताना सांगितलं. आपल्याच हातून माऊसचं भलतंच बटण दाबलं गेलं असेल, असंही आप्पांना वाटून गेलं होतं.

"आता तू सायबाला सांगनार. मग तुझ्या नोकरीचं काय?" त्यांनी विचारलं.

"गेली तर माझी जायला पाहिजे, आप्पा."

"येकाची वाचवायची तर दुसऱ्याची कशाला जाया पायजे? नीट सांग. रडू नगं तिथं. तुझ्या कामाचं हाय ते, त्येंना करून दाव."

ज्या माणसाला मी घरी बसवलं होतं, तो मला माझी नोकरी कशी टिकवायची ते सांगत होता. जाताना त्यांच्या बायकोनं ओंजळभर शेवंती कागदात बांधून दिली. मी आयुष्यात बऱ्याच भेटवस्तू घेतल्या, इतक्या खाली मान घालून दुसरी कुठली घेतली नसेल.

शुक्रवारी मी रडले नाही. साहेबांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्यांच्यादेखत एक नवी फाइल केली, तिला त्यांचंच नाव दिलं, आत काही लिहिलं नाही, आणि ठसा काढून दाखवला. "साहेब, माझ्या परवाच्या हिशोबानं तुम्हीसुद्धा त्यात आहात," मी म्हणाले. साहेबांनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, मेमो दिला आणि आप्पांना आणायला कंपनीची जीप केंदूरला पाठवली. पुढं आठवड्याभरात ड्रॉइंगचाही उलगडा झाला. त्या गिऱ्हाइकानं दोन्ही कारखान्यांना एकच मूळ नमुना काढायला दिला होता. दोघांची ड्रॉइंग सारखी दिसणारच होती.

त्या शुक्रवारी जीपनं परत आल्यावर आप्पा मशीनवर बसले आणि मला जवळ बोलावलं. नवं काम आलं होतं. त्यांनी फोल्डर केला, 'श्री' केली आणि थांबले.

"रिकामी ठिवली की पुन्यांदा घोळ व्हायचा. काय लिवू ह्यात?"

मी म्हणाले, "काहीही लिहा आप्पा. एक अक्षर असलं तरी ठसा वेगळा येतो."

"म्हंजी मी एक अक्षर बदललं तरी तुला कळतंय?"

"लगेच."

त्यांनी जरा विचार केला. "तू वहीत पैल्यांदा काय लिवतीस?"

"आम्ही जय भीम लिहितो."

"मग लिव की," म्हणाले आणि कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मी लिहिलं. नाव 'श्री', आत 'जय भीम'. आप्पांनी वाचलं, मान हलवली आणि ड्रॉइंगला लागले. तिथून पुढं प्रत्येक नव्या फोल्डरात ते तीच फाइल जुन्या फोल्डरातून उचलून टाकायचे. माझ्या यादीत रिकाम्या फायलीच्या ठशाखाली मी हाही ठसा लिहून ठेवला. तो जगातल्या दुसऱ्या कुणाच्या यादीत असेल, असं मला वाटत नाही.

चार-पाच वर्षांनी आप्पा रिटायर झाले. निरोपाला साहेबांनी नारळ आणि शाल दिली, सरबत झालं. दुसऱ्या दिवशी त्यांचं मशीन नव्या माणसाला द्यायचं होतं, म्हणून मी सगळी कामं सीडीवर उतरवायला घेतली आणि सवयीनं ठसे काढले. आता साइजच्या रकान्यासकट. घोळाच्या आधीच्या सगळ्या 'श्री' शून्य साइजच्या. नंतरच्या सगळ्या माझ्या ओळखीच्या, एकसारख्या. शेवटच्या कामाच्या फोल्डरातली मात्र जुळेना. ठसाही वेगळा, साइजही वेगळी.

मी ती उघडली. इंग्रजी अक्षरांत, एकेका बोटानं टाइप केलेलं मराठी होतं. पहिल्या ओळीत जय भीम. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "उघडून बगितलीस व्हय? बरं केलंस पोरी."